अनुभवाचा दाखला नीट लिहून द्या : सांगली-मिरज-कुपवाडच्या वर्कशॉप मालकांना खुले पत्र

कुपवाड, मिरज, माधवनगर आणि पलूसच्या सर्व वर्कशॉप मालकांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. शासकीय आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून माझी नोकरी झाली. तुमच्यापैकी काहींनी पहिली कानस माझ्याच शॉपमध्ये हातात धरली आणि आज त्यांच्या शेडवर दहा-पंधरा घरं चालतात. याचा मला अभिमान आहे. हे पत्र मी मंत्रालयाला किंवा एखाद्या वकिलातीला लिहू शकलो असतो. पण ज्या कागदासाठी आपल्याकडच्या कसबी माणसांचं अडतंय, तो कागद मंत्रालय देऊ शकत नाही. तो फक्त तुम्ही देऊ शकता.

निवृत्तीनंतर जुनी मुलं माझ्याकडे कागदांची पिशवी घेऊन येतात. कुणाला ऑस्ट्रेलियात जायचंय, कुणाला जर्मनीत. पिशवीत पासपोर्ट असतो, आयटीआयचं प्रमाणपत्र असतं आणि तुमच्या लेटरहेडवरचा एक कागद असतो. त्यावरचा मजकूर मला आता पाठ झालाय : "दाखला देण्यात येतो की, सदर इसम आमचेकडे सन २०१४ पासून कामास असून त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. सबब दाखला दिला असे." खाली सही आणि गोल शिक्का. पतसंस्थेत कर्जाला हा कागद चालतो. ज्याने तो लिहून दिला, त्यानेही भल्याच मनाने दिलेला असतो. पण परदेशातल्या तपासणाऱ्या माणसाला त्यातून काहीच कळत नाही. हा माणूस काय काम करायचा? कोणत्या मशिनवर? आठवड्याला किती तास? कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत? पगार किती होता? वर्तणूक कशी होती हे त्यांनी विचारलेलंच नसतं.

हे कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण मालकांपैकी फार थोड्यांना ते माहीत असतं. कौशल्याच्या व्हिसावर ऑस्ट्रेलियाला जायचं तर व्हिसाच्या आधी कौशल्याची तपासणी होते. कारागिरीच्या बहुतेक ट्रेडसाठी हे काम तिथल्या सरकारची ट्रेड्स रेकग्निशन ऑस्ट्रेलिया ही यंत्रणा आणि तिने नेमलेल्या संस्था बघतात. आपल्या देशातल्या अर्जदारांसाठी फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन अशा कितीतरी ट्रेडमध्ये आधी कागद तपासतात, मग तांत्रिक मुलाखत घेतात आणि मग प्रत्यक्ष काम करायला लावतात. काही ठिकाणी काम करतानाचे फोटो आणि व्हिडिओही मागतात. माझ्या पाहण्यातली मुलं हाताच्या परीक्षेला घाबरत नाहीत. ड्रॉइंग दिलं की जॉब काढून दाखवतील. त्यांचं अडतं ते पहिल्याच पायरीवर, कागदाशी. परीक्षेच्या खोलीपर्यंत ती पोचतच नाहीत.

मिरजेतल्या एका टर्नरचं उदाहरण देतो. नाव सांगत नाही, वर्कशॉपचंही सांगत नाही. पंपाच्या केसिंगचं बोअरिंग हा त्याचा हातखंडा. फोर जॉ चकमध्ये कास्टिंग धरून, डायल लावून सेंटरला आणतो, रफ कट मारतो, जॉब थंड होऊ देतो आणि मग फिनिश कट घेऊन बोअर गेज फिरवतो. वीस मायक्रॉनच्या आत बसवतो. कास्टिंगमध्ये ब्लो होल (ओतकामात राहिलेली पोकळी) निघालं तर कितव्या कटला ते उघडं पडेल याचा अंदाज त्याला टूलच्या आवाजावरून येतो. अशा माणसाची पीएफच्या आणि ईएसआयच्या (कामगार विम्याच्या) कागदांवर नोंद काय? हेल्पर. मालकाने दाखल्यावर टर्नर लिहिलं, पण सोबत जोडलेल्या पगाराच्या कागदांवर हेल्पर निघालं. तपासणाऱ्याने दोन कागद शेजारी ठेवले आणि अर्ज परत पाठवला. त्याच्या जागी मी असतो तर मीही परतच पाठवला असता, कारण एक कागद दुसऱ्याला खोटं पाडत होता.

हेल्पर का लिहिलं जातं ते आपल्याला सगळ्यांनाच ठाऊक आहे. किमान वेतनात कुशल, अर्धकुशल आणि अकुशल असे दर ठरलेले आहेत. अकुशल लिहिलं की हिशेब सोपा पडतो. माणूस भरती झाला तेव्हा तो हेल्परच होता, हेही खरं. पण दोन वर्षांनी तो स्वतः लेथ चालवायला लागला, पाच वर्षांनी नव्या पोरांना शिकवायला लागला आणि मस्टरवरचं त्याचं पद तिथंच राहिलं. ते बदलणं कुणाला महत्त्वाचं वाटलं नाही, कारण रोजच्या कामात त्याने काही बिघडत नव्हतं. बिघडतं ते दहा वर्षांनी, आणि ते त्याचं एकट्याचं बिघडतं.

यावर उपाय आहे आणि तो खोटं लिहिण्याचा नाही. माणूस हेल्पर म्हणून लागला असेल तर तसंच लिहा. अमुक तारखेपर्यंत हेल्पर, त्यानंतर लेथवर टर्नर, असं दोन टप्प्यांत लिहिलेलं पत्र तपासणाऱ्याला पटतं, कारण कुठलाही कारागीर असाच घडतो. आज जे तुमच्याकडे कामावर आहेत त्यांचं पद आजच्या तारखेने दुरुस्त करा आणि तसं त्यांना लेखी द्या. मागच्या तारखा घालू नका.

दुसरी अडचण रोखीची. आपल्याकडे अजून कितीतरी शेडमध्ये पगार पाकिटातून होतो. मध्येच बाजाराच्या दिवशी उचल, महिनाअखेरीला हिशेब, वहीत सही. वही मालकाकडे. कामगाराच्या बँक पासबुकात गॅसचं अनुदान दिसतं, पगार दिसत नाही. परदेशातली यंत्रणा अनुभव म्हणते तेव्हा तिला पगारी काम अपेक्षित असतं, आणि पगार मिळाल्याचा पुरावा ती पत्राच्या बाहेर शोधते : बँकेत जमा झालेली रक्कम, पगाराची पावती, पीएफचं पासबुक, आयकराचे कागद. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या शेडला सहसा पीएफ लागत नाही. मग अशा ठिकाणच्या माणसाकडे बँकेच्या नोंदीखेरीज उरतं काय? पगार खात्यात टाकायला तुम्हाला काही खर्च येत नाही. मोबाइलवरून दोन मिनिटांचं काम आहे. उचल दिली तर तीही खात्यावरच द्या.

कंत्राटदाराच्या नावावरच्या माणसांचं दुखणं आणखी वेगळं. माणूस सहा वर्षं तुमच्या शेडमध्ये, तुमच्या मशिनवर, तुमच्या फोरमनच्या हाताखाली. पीएफ पासबुकावर नाव मात्र एका कंत्राटदार फर्मचं, ती फर्म मध्येच बदललेली आणि जुनी आता फोनही उचलत नाही. अशा वेळी 'तो आमचा माणूस नाही' असं म्हणून हात झटकू नका. अमुक कंत्राटदारामार्फत, अमुक काळात, आमच्या कारखान्यात, या मशिनवर हे काम करत होता, एवढं सत्य तुम्ही लेखी देऊ शकता. त्यात कायद्याचं काही अडतंय असं वाटलं तर आपल्या सल्लागाराकडून मसुदा तपासून घ्या, पण नाही म्हणू नका.

वेल्डरांबद्दल मला जरा जास्त लिहायचंय, कारण सगळ्यात जास्त हाल त्यांचे होतात. आपल्या सांगली-साताऱ्यात साखर कारखान्यांच्या जिवावर वेल्डरांच्या पिढ्या तयार झाल्या. गळीत हंगाम संपला की ऑफ-सीझनला बॉयलरच्या ट्यूब, ज्यूस हीटर, पॅन, पाइपलाइन, सगळी दुरुस्ती निघते. चार महिने या कारखान्यावर, मग एखाद्या फॅब्रिकेटरकडे, मग पुन्हा दुसऱ्या कारखान्यावर. हात असा तयार होतो की उभ्या पाइपला आरशात बघून रूट, म्हणजे जोडाचा सगळ्यात आतला पहिला थर, मारतात. पण अनुभव तुकड्यातुकड्यांचा. प्रत्येक तुकड्याला वेगळा मालक आणि एकाही तुकड्याचा कागद नाही. बॉयलरच्या प्रेशर पार्टवर काम करायला बाष्पके संचालनालयाची परीक्षा द्यावी लागते, ती ज्यांनी दिली त्यांच्याकडे निदान ते प्रमाणपत्र असतं. बाकीच्यांकडे तेही नसतं. ज्या फॅब्रिकेटरांकडे थर्ड पार्टी इन्स्पेक्शन (बाहेरच्या त्रयस्थ संस्थेकडून तपासणी) होतं, तिथं वेल्डरची टेस्ट होते, एक्स-रे निघतो, कोणत्या पोझिशनला, कोणत्या प्रोसेसला आणि किती जाडीला तो पास झाला याचा रीतसर कागद बनतो. तो कागद इन्स्पेक्शनच्या फाइलमध्ये जातो आणि फाइल ग्राहकाकडे. त्याची एक प्रत वेल्डरला दिली तर कुणाचं काय जातं? त्या एका पानाचं वजन चार दाखल्यांहून जास्त आहे.

वेल्डरचा दुसरा तोटा म्हणजे आयटीआयमधला त्याचा कोर्स एक वर्षाचा. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. जर्मनीने २०२४ च्या मार्चपासून अनुभवावर आधारलेला एक रस्ता मोकळा केला : आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, गेल्या पाच वर्षांत किमान दोन वर्षांचा त्याच कामाचा अनुभव आणि ठरलेल्या मर्यादेइतका पगार देणारी नोकरी. या रस्त्यावर फिटर पुढे सरकतो आणि एक वर्षाचा वेल्डर दारातच थांबतो, मग त्याचा हात कितीही चांगला असो. हे बदलणं तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. पण ज्याच्याकडे शिक्षणाचा कागद तोकडा, त्याला अनुभवाचा कागद तरी भरभक्कम मिळायला हवा.

आणि कागद नसले तरी हात बघून पारख करायची पद्धत जगात आहे. २०१२ पासून लागू असलेल्या जर्मन मान्यता कायद्यात, कागदपत्रं अपुरी असतील आणि त्यात अर्जदाराचा दोष नसेल, तर कामाचा नमुना करून घेऊन किंवा तज्ज्ञांशी बोलणं करून कौशल्य ठरवायची सोय आहे. पण तिथं पोचायला वेळ लागतो, पैसा लागतो आणि भाषा लागते. आपल्या राज्य सरकारने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, तेव्हा गावोगावच्या पोरांनी जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी सुरू केली. भाषा शिकता येते. झालेली नोकरी पुन्हा करता येत नाही, तिचा कागद मालकाकडूनच यावा लागतो.

आपल्याच भागातली एक गोष्ट मला राहून राहून आठवते. विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाई (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याचं काम) करणारी माणसं सोन्या-चांदीच्या धंद्यात देशभर पसरली ती एकमेकांच्या शब्दावर. कोण कुणाचा, कुठं शिकला, हात कसा आहे, हे पाहुण्यारावळ्यांत ठाऊक असायचं. त्या जगात दाखल्याची गरजच नव्हती. दुसरीकडे साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात फौजेतून निवृत्त झालेला गडी घरी येतो तेव्हा त्याच्या डिस्चार्ज बुकात त्याचा ट्रेड लिहिलेला असतो, नोकरीच्या तारखा असतात, केलेले कोर्स असतात. गाडीचं इंजिन खोलणारा फौजी आणि कुपवाडात इंजिन खोलणारा मेकॅनिक यांच्या हातात फरक नसेल, पण एकाच्या आयुष्याची नोंद झाली आणि दुसऱ्याच्या झाली नाही. फौजेला जमतं ते दहा माणसांच्या शेडला का जमू नये?

आता तुमच्या मनातल्या भीतीबद्दल. ती मला अनेकांनी तोंडावर बोलून दाखवली आहे. 'सर, पोरगं तयार करायला चार वर्षं गेली, आणि आता दाखला देऊन त्याला मीच विमानात बसवू?' मी या भीतीला हसत नाही. चांगला टर्नर गेला तर तीन महिने डिलिव्हरी मागे पडते, ग्राहक शिव्या घालतो, हे मी पाहिलंय. पण दाखला अडवल्याने माणूस थांबलेला मी पाहिला नाही. तो चाकणला जातो, रांजणगावला जातो. नाहीतर मुंबईत ट्रेड टेस्ट देऊन एजंटमार्फत आखातात जातो, कारण तिथं पुष्कळदा टेस्टवरच भागतं. म्हणजे दाखला अडवून तुम्ही त्याचं जाणं अडवत नाही. चांगल्या पगाराचा, बायको-मुलांना सोबत नेता येईल असा रस्ता तेवढा अडवता. आणि ज्याला दाखला मिळाला नाही त्याची गोष्ट शेडमधली बाकीची पोरं ऐकतात. नवीन पोरगं कुठं कामाला लागायचं ते अशा गोष्टींवरूनच ठरवतं.

दुसरी भीती पीएफची आणि कामगार कार्यालयाची. दहा वर्षं काम केलं असं लिहून दिलं तर दहा वर्षांची वर्गणी मागतील. ज्यांनी माणसं मस्टरच्या बाहेर ठेवली आहेत त्यांना मी खोटा दिलासा देणार नाही. पण हा प्रश्न दाखल्याने निर्माण होत नाही, तो आधीपासूनच आहे. शिवाय २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. नेमणूकपत्र आणि वेतनाची पावती या गोष्टी त्यांत आल्या आहेत. आपल्या शेडला त्यातलं काय लागू होतं ते आपल्या सीएला विचारून घ्या आणि निदान इथून पुढच्या माणसांची सुरुवात कागदावर करा.

खोट्या दाखल्यांबद्दलही बोलायला हवं. पैसे घेऊन अनुभवाची पत्रं बनवून देणारे एजंट आहेत. खऱ्या मालकाने खरा कागद नाकारला की पोरं त्यांच्या दारात जातात. ऑस्ट्रेलियाच्या नियमात खोटा कागद सापडला तर व्हिसा नाकारला जातोच, पुढची तीन वर्षंही वाया जाऊ शकतात. माझ्या ओळखीच्या एका मुलाचं असंच झालं. त्याचा अनुभव खरा होता, कागद खोटा होता. आणि मालकांनो, कुणी ओळखीपाळखीत गळ घातली म्हणून न केलेल्या कामाचं पत्र तुम्हीही देऊ नका. तुमच्या लेटरहेडवरचं एक पत्र खोटं निघालं की मागून येणाऱ्या खऱ्या माणसाच्या पत्राकडेही संशयाने बघतात.

तर पत्र कसं असावं? लेटरहेडवर पूर्ण पत्ता, चालू असलेला फोन आणि ईमेल. कामगाराचं नाव पासपोर्टवर आहे तसंच, वडिलांच्या नावासह, एका अक्षराचाही फरक न करता. लागल्याची तारीख आणि सोडल्याची तारीख, किंवा अजून कामावर आहे असा उल्लेख. पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास. पद आणि ते कधी बदललं. पगार. मग कामाचं वर्णन, आणि ते त्या माणसाचं हवं, इंटरनेटवरून उचललेलं नको. 'सेंटर लेथवर बीड कास्टिंग आणि एस. एस. बार टर्निंग, बोअरिंग आणि आटे पाडणे, ड्रॉइंग वाचून सेटिंग करणे, मायक्रोमीटर आणि बोअर गेजने माप तपासणे, टूल ग्राइंडिंग, दोन शिकाऊ मुलांवर देखरेख' असं लिहिलं की मापात काम करणारा कुणीही ते वाचून समजतो की हा माणूस खरा आहे. शेवटी सही करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि तारीख. या पत्राची एक प्रत तुमच्या फाइलला ठेवा आणि ऑफिसात जो फोन उचलतो त्याला सांगून ठेवा. तिकडून पडताळणीचा फोन किंवा ईमेल येतो, आणि 'कोण? हां, असेल कामाला' एवढ्या उत्तरावर सगळं मुसळ केरात जातं.

ज्यांच्या फर्मचं नाव बदललं, वडिलांची प्रोप्रायटरशिप जाऊन मुलांची पार्टनरशिप झाली, त्यांनी दोन ओळींचा खुलासा जोडावा. आणि ज्यांनी शेड बंद केली त्यांना माझी खास विनंती आहे. भंगार विकताना जुनी मस्टर बुकं, पगाराच्या वह्या आणि जुन्या लेटरहेडचे चार कोरे कागद रद्दीत घालू नका. कोऱ्या लेटरहेडवर मागच्या तारखेचं काही लिहू नका, पण फर्म खरोखर होती हे दाखवायला ते लागतात. आजच्या तारखेने, माजी मालक म्हणून, घरच्या पत्त्यावरून सही करून दिलेलं पत्र आणि सोबत वहीच्या पानाची झेरॉक्स, यावर काम होण्याची शक्यता तरी राहते. वही गेली की तीही जाते.

हे सगळं इंग्रजीत लिहायचा कंटाळा असेल तर मराठीत लिहून द्या, पोरं भाषांतर करून आणतील, तुम्ही वाचून सही करा. मी स्वतः बसायला तयार आहे. मात्र मागायला आलेल्या माणसाला 'बघू दिवाळीनंतर' म्हणून परत पाठवू नका. जर्मनीच्या त्या रस्त्यावर मागची पाचच वर्षं मोजतात. ज्याने तुमचं काम सोडून तीन-चार वर्षं झाली आणि नंतर दुसरंच काही करावं लागलं, त्याच्या अनुभवातला एकेक महिना रोज मोजणीबाहेर चाललाय. त्याचं पत्र याच आठवड्यात द्या.

आपला,
एक निवृत्त निदेशक, फिटर ट्रेड
मिरज